पेढीवरून मुलाखतीला



या सदरातून आजवर दुकान, घर आणि समाज यांविषयी पुष्कळ लिहिले. आजचा विषय मात्र माझ्याच घरातला आहे आणि तो लिहावा की नाही, या विचारात दोन महिने गेले. शेवटी लेकीनेच परवानगी दिली. "माझे नाव घालू नका, बाकी सगळे खरे लिहा," एवढी एकच अट तिने घातली. ती पाळून लिहीत आहे.

बार्शीत आमचे भुसार मालाचे आडत दुकान. आजोबांनी सुरू केले, वडिलांनी वाढवले, मी सांभाळले. आता माझा पुतण्या माझ्यासोबत गादीवर बसतो. मला दोन मुली. थोरलीचे लग्न होऊन ती लातूरला सुखात आहे. धाकटी सोलापूरला मामाकडे राहून सी.ए. झाली. डिसेंबरअखेर निकाल लागला, त्या दिवशी बाजार समितीत हमालांपासून मापाड्यांपर्यंत सर्वांना पेढे वाटले. माझ्या मनात पुढचा आराखडा तयारच होता. दुकानावरच्या रिकाम्या खोलीला रंग द्यायचा, बाहेर तिची पाटी लावायची, बाजारातल्या पंचवीस-तीस पेढ्यांचे हिशेब सहज मिळतील, आणि यथावकाश योग्य स्थळ पाहून तिचे लग्न करायचे. या आराखड्यात तिला काय हवे आहे, हा रकाना कोराच राहिला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती रोजमेळ तपासत माझ्याजवळ बसली असता सहज म्हणाली, "पप्पा, मुंबईच्या एका मोठ्या कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. सोमवारी अकरा वाजता." मी विचारले, "अर्ज केव्हा केलास?" ती म्हणाली, "निकाल लागला त्याच रात्री."

अडचणी एकदम तीन उभ्या राहिल्या. पहिली, तुरीचा हंगाम. आवक जोरात, दुकानातून पाऊल काढणे कठीण. दुसरी, त्याच रविवारी जालन्याहून पाहुणे तिला पाहायला यायचे होते. तिसरी अडचण म्हणजे माझी आई. तिने ऐकले मात्र, आणि जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाली, "आपण माणसे कामाला ठेवतो. आपल्या घरातले कोणी दुसऱ्याच्या कामाला गेलेले नाही. मुलगी तर नाहीच नाही."

आपल्या व्यापारी घरांतून हे वाक्य वरचेवर ऐकू येते, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. पूर्वी आपल्याकडे मुलाला थेट स्वतःच्या गादीवर बसवत नसत. त्याला आधी दुसऱ्याच्या पेढीवर गुमास्ता म्हणून पाठवत. तिथे तो पहाटे दुकान झाडण्यापासून खतावणी लिहिण्यापर्यंत सगळे शिके, बोलणी खाई, आणि मग घरी येऊन धंदा करण्यास लायक ठरे. शेठ वालचंद हिराचंद यांचे उदाहरण तर आमच्या घराजवळचेच. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांच्या घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. त्या चाकोरीत त्यांचे मन रमले नाही. त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घ्यायचे ठरवले आणि भागीदार निवडला तो लक्ष्मणराव फाटक यांना. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरीत मिळवलेले त्यांचे ज्ञान आणि व्यापारी घराण्यातले भांडवल एकत्र आले, आणि त्या भागीदारीचे सुरुवातीचे काम होते आमच्या बार्शी लाइट रेल्वेचे. दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेली विद्या पेढीच्या उपयोगी पडते, याला याहून वेगळा दाखला कशाला हवा? हे सारे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वालचंद शेठ मुलगी होते का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

जालन्याला फोन मात्र मलाच करावा लागला. मुलीची मुलाखत असल्यामुळे येता रविवार जमणार नाही, पुढचा कोणताही दिवस आपण सांगाल तो, असे मी नम्रपणे कळवले. पलीकडून थोड्या वेळाने उत्तर आले, "तिला नोकरी करायची आहे का? आमच्याकडे तशी गरज नाही." मी म्हणालो, "गरज आमच्याकडेही नाही. तिची इच्छा आहे." "बरे, कळवतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. आईने दोन दिवस माझ्याशी मोजकेच शब्द बोलून आपली नाराजी दाखवली.

आता प्रश्न प्रवासाचा. लेकीचा आग्रह एकटीने जाण्याचा. ती म्हणाली, "वडिलांचा हात धरून मुलाखतीला गेले, तर मला कामावर कोण घेईल?" माझा आग्रह सोबत जाण्याचा. सोलापूर म्हणजे मामाचे घर. मुंबईत तिने कधी एकटीने पाऊल टाकलेले नव्हते. शेवटी तडजोड झाली. मी मुंबईपर्यंत यायचे, धर्मशाळेत उतरायचे, पण मुलाखतीच्या ठिकाणी पाऊल ठेवायचे नाही. सोमवारचे दुकान पुतण्याने एकट्याने सांभाळायचे. त्याला ही संधीच वाटली, हेही येथे प्रांजळपणे नमूद करतो.

लातूर-मुंबई गाडी बार्शीला रात्री उशिरा येते आणि सकाळी मुंबईला पोहोचवते. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी उतरता आले असते. परंतु गाडीला दोन तास उशीर झाला, तर सहा वर्षांचे श्रम एका सिग्नलवर अडकून पडायचे. म्हणून आम्ही शनिवारी रात्रीच निघालो.

डब्यातले दिवे मालवले गेले होते. लेकीला झोप येत नव्हती, मलाही येत नव्हती. त्या अंधारात मी तिला अशी एक गोष्ट सांगितली, जी तिच्या आईखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. १९८७ साली मी बी.कॉम. झालो. मित्रांबरोबर मीही एका बँकेचा अर्ज भरला होता. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो आणि पुण्याहून मुलाखतीचे पत्र आले. वडिलांना दाखवले. ते रागावले नाहीत. "हंगाम चालू आहे, पुढल्या वर्षी पाहू," एवढेच म्हणाले. पुढल्या वर्षी पत्र आले नाही आणि मीही पुन्हा अर्ज केला नाही. ते पत्र मी जुन्या खतावणीत ठेवले. ते अजून तिथेच आहे.

वडिलांविषयी माझ्या मनात कटुता नाही. दुकानाने आम्हाला सर्व काही दिले; मान दिला, दोन मुलींची शिक्षणे केली. परंतु मी त्या मुलाखतीत टिकलो असतो की नाही, हे मला कधीच कळणार नाही. नकार मिळाला असता तर मन मोकळे झाले असते. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, परत गेल्यावर ते पत्र मला दाखवाल?"

रविवारी सकाळी सी. पी. टँक परिसरातल्या एका धर्मशाळेत उतरलो. याच भागात शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या घराण्याने उभारलेली हिराबाग धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्याचे मोठे कार्यही त्यांनी केले. पुढे आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. शिकायला किंवा काम शोधायला शहरात येणाऱ्या मुलाला पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर आणि आपल्या आचाराचे ताट मिळावे, ही दृष्टी आपल्या पूर्वजांना होती. त्या वेळी ती बहुतांशी मुलांपुरती होती. आज मुलीही बॅग घेऊन एकट्या येतात. आपल्या गावच्या संघाने अशा मुलींसाठी शहरातल्या विश्वासाच्या निवासांची माहिती एकत्र करून ठेवली, तर कितीतरी आईबापांना शांत झोप लागेल.

दुपारी आम्ही मुलाखतीच्या रस्त्याची रंगीत तालीम केली. चर्नी रोडहून लोकलने वांद्रे, तिथून शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुल. रविवारच्या मेगाब्लॉकमुळे गाड्या कमी आणि गर्दी जास्त होती. तरी इमारत कुठली, फाटक कोणते, रिक्षा कुठे सोडते, हे डोळ्यांखालून गेले. ज्यांची मुले प्रथमच अशा कामासाठी शहरात जातात, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, एक दिवस आधी पोहोचा आणि रस्ता पायाखाली घाला. दुसऱ्या दिवशी डोके प्रश्नांसाठी मोकळे राहते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती निघाली. एका फाइलमध्ये मूळ प्रमाणपत्रे, दुसरीत त्यांच्या झेरॉक्स, पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली आणि आईने दिलेला खाखरा-दशमीचा डबा. मी ठरल्याप्रमाणे वाशीच्या दाणा बाजारात गेलो. मशीद बंदराजवळच्या दाणाबंदरात वडिलांबरोबर मी लहानपणी जात असे. तो घाऊक बाजार आता वाशीला आहे. ओळखीच्या दलालाने तुरीचे चार नमुने दाखवले. मी तूर हातात घेत होतो, दाणा दाताखाली धरत होतो, पण ओल किती आहे ते मला सांगता येईना. चाळीस वर्षांच्या धंद्यात असे कधी घडले नव्हते. दलाल म्हणाला, "शेठ, आज तब्येत बरी नाही का?"

अकराच्या मुलाखतीला तिचा नंबर लागला साडेचार वाजता. संध्याकाळी धर्मशाळेत परतल्यावर तिने सगळे सांगितले, ते तिच्याच क्रमाने देतो.

समोर तिघे होते. पहिली दहा मिनिटे इंग्रजीत बोलताना तिची जीभ जड झाली. परीक्षेत पानेच्या पाने इंग्रजीत लिहिणारी मुलगी बोलताना अडखळत होती, कारण आपल्या घरात आणि मामाच्या दुकानात ती भाषा कुणी बोलतच नाही. मग एकाने विचारले, "वडिलांचे आडतीचे दुकान आहे म्हणता. वर्षअखेरीस दुकानात जो माल पडून असतो, तो त्यांच्या ताळेबंदात साठा म्हणून दिसतो का?" ती म्हणाली, "नाही. आडतीचा माल शेतकऱ्याचा. तो विकेपर्यंत मालकी त्याची, आमची फक्त आडत. वडील स्वतःच्या नावावर घेऊन गोदामात ठेवतात तेवढीच तूर आमचा साठा." मग त्या तुरीचे मूल्य कसे धरणार, असा प्रश्न आला. तिने लेखा मानक दोनचा नियम सांगितला: साठ्याला पडलेली किंमत आणि त्यातून निव्वळ वसूल होणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल ती. मग घटीचा प्रश्न आला. तिने सांगितले की, ओल सुकून पोत्यामागे जी नेहमीची घट येते, ती उरलेल्या मालाच्या किमतीत मिळते. पण गोदामाचे पत्रे उडून माल भिजला, तर ते नुकसान वेगळे काढून नफा-तोटा खात्यात दाखवावे लागते. पत्रे खरोखर उडाले होते, ती आठवीत असताना. हे सांगताना तिची जीभ मोकळी झाली होती, आणि समोरच्या तिघांपैकी वडीलधाऱ्या गृहस्थांनी लेखणी खाली ठेवून ऐकले.

त्यानंतर एका बाईंनी विचारले, "आमच्या कंपनीने गेल्या वर्षी कोणता नवा व्यवसाय सुरू केला, हे आपण वाचले आहे का?" तिने वाचले नव्हते. कंपनीचा वार्षिक अहवाल कुणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात संचालकांचे निवेदन असते, लेखापरीक्षकांचा अहवाल असतो. तिने पाठ्यपुस्तके तीनदा वाचली आणि हा अहवाल एकदाही उघडला नाही. हे ऐकून मी तिला म्हणालो, "बाळ, समोरच्या पार्टीची पत पाहिल्याशिवाय आपण उधारीवर एक पोते तरी देतो का? तू तर स्वतःची वर्षे द्यायला निघाली होतीस." ती हसली. दिवसभरातले तिचे ते पहिले हसू.

शेवटचा प्रश्न होता, "घरचा व्यवसाय असताना नोकरी कशासाठी? दोन-तीन वर्षांत आपण परत जाल. लग्न होईल." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लग्न होईल. पुढे कुठे असेन, हे मला आज माहीत नाही. पण जितके दिवस काम करीन, तितक्या दिवसांचा हिशेब चोख देईन." धर्मशाळेत तिने मला विचारले, "मी खोटे सांगायला हवे होते का? दहा वर्षे राहीन, असे?" मी म्हणालो, "नाही." या एका उत्तराविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

आणखी एक लहान प्रसंग. मुलाखत संपली तेव्हा सव्वापाच झाले होते आणि काही कागद भरण्यासाठी सर्वांना थांबवून ठेवले होते. तिचा चौविहार. माघातला सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. तिने स्वागतकक्षातल्या मुलीला विचारले, "सूर्यास्तापूर्वी दहा मिनिटे डबा खायला कुठे बसता येईल?" त्या मुलीने आतल्या खोलीत जागा दिली आणि कुतूहलाने खाखऱ्याचा तुकडाही मागून घेतला. आपले आचार शहरात गेले की सुटतात, ही आपल्या घरांतली मोठी भीती असते. विचारण्याचा संकोच नसेल, तर ते निभावतात. हा प्रसंग मी आईला मुद्दाम सांगितला. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नातीशी पूर्ववत बोलू लागली.

दहा दिवसांनी उत्तर आले. निवड झाली नव्हती.

त्या रात्री ती जेवली नाही. मी तिला समजावायला गेलो आणि माझ्याच तोंडून निघून गेले, "जाऊ दे, वरच्या खोलीला रंग देऊ." तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वाटले, हे शब्द माझे नाहीत. १९८७ साली वडिलांनी "पुढल्या वर्षी पाहू" म्हटले होते, त्याच जातीचे ते शब्द होते. मी उठलो, माळ्यावरून जुनी खतावणी काढली आणि पिवळे पडलेले ते पत्र तिच्यापुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले. नंतर आईने आपल्या हाताने तिला दूध आणून दिले असते, पण सूर्य मावळला होता. म्हणून आई नुसतीच तिच्याजवळ बसून राहिली.

महिनाअखेर दुकानात मुनीमजींनी विचारले, "मुंबईचे चार हजार सहाशे कुठे टाकू? घरखर्चात?" मी भावनेच्या भरात म्हणालो, "भांडवलात टाका." लेक शेजारीच बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, असे टाकता येत नाही. घरखर्चातच टाका." मुनीमजींनी तिचे ऐकले. या पेढीवर माझ्यावर तिचा शब्द चालल्याची ही पहिलीच वेळ.

मार्चमध्ये तिला पुण्याहून दुसरे बोलावणे आले. या खेपेस तिने त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून वहीत टिपणे काढली आणि रोज संध्याकाळी माझ्या पुतण्याला समोर बसवून इंग्रजीत बोलण्याचा सराव केला. त्याचा फायदा त्यालाही झाला. मी सोबत येऊ का, असे विचारले नाही. रात्री तिला बार्शी स्थानकावर सोडले, बॅग डब्यात चढवली आणि खाली उतरलो. गाडी हलल्यावर माझी पावले नकळत दहा-वीस हात तिच्याबरोबर चालली. मग फलाट संपला.

पुण्याचा निकाल हा मजकूर देईपर्यंत लागलेला नाही. तो काहीही लागो. वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे एखादे बोलावणे आले असेल, त्यांना एवढीच विनंती की, हंगामाचे कारण सांगू नका. हंगाम दर वर्षी येतो. मुलाला किंवा मुलीला तिकीट काढून द्या, डबा द्या, पत्ता लिहून द्या आणि मुलाखतीहून परत आल्यावर पहिला प्रश्न "मिळाली का?" असा न विचारता "काय काय विचारले?" असा विचारा. नकार आला तर चार दिवस दुकानाचे नाव काढू नका. दुकान कुठे जात नाही.

दुकानावरच्या खोलीला अजून रंग दिलेला नाही. तो केव्हा द्यायचा आणि कोणता, हे तिला विचारूनच ठरवीन.

जय जिनेन्द्र.